थांबविलेले हृदय आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

१९५३ च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी, रक्ताभिसरणाचा सारा भार आपण घडविलेल्या यंत्रावर सोपवून, एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र शिवले, तेव्हापासून यंत्राच्या आधारे हृदय उघडून त्याची दुरुस्ती करणे मनुष्याच्या आवाक्यात आले. परंतु रक्ताविना ठेवलेल्या हृदयात रक्त पुन्हा खेळविण्याचा जो क्षण, तोच त्या स्नायूला घातक ठरू शकतो, हे उमगावयास आणखी बराच काळ जावा लागला.

आज बायपासच्या वेळी बहुधा महाधमनीस चिमटा लावून, पोटॅशियमयुक्त थंड द्राव सोडून हृदयाचे स्पंदन थांबवितात, म्हणजे प्राणवायूची त्याची गरज अत्यल्प उरते. काम आटोपून चिमटा काढला की प्राणवायूने भरलेले रक्त उपाशी पेशींत शिरते, आणि पेशींतील ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्या लोंढ्याचा पुरता विनियोग करू न शकल्यामुळे, प्राणवायूचेच काही अतिक्रियाशील अंश, ज्यांस मुक्त मूलके म्हणतात, उत्पन्न होऊन पेशींच्या आवरणांतील स्निग्ध द्रव्यावर तुटून पडतात. शरीराचा स्वतःचा बंदोबस्त अर्थात असतोच. ड्यूक विद्यापीठातील मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली अशा मूलकांना निकामी करणाऱ्या एका विकराचे कार्य प्रथम दाखवून दिले. पण या क्षणी तो बंदोबस्त तोकडा पडतो, आणि शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अनेक रुग्णांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून नाडी वेडीवाकडी धावू लागते, तिच्यामागे दाहाबरोबर हेही एक कारण असावे, असे संशोधक मानतात.

मग बाहेरून अँटिऑक्सिडंटची, म्हणजे मूलकांना निकामी करणाऱ्या द्रव्यांची, कुमक पाठवावी, ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते. मेलबर्नच्या आल्फ्रेड रुग्णालयात डॉ. फ्रँकलिन रोझेनफेल्ड्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे रोज ३०० मिलिग्रॅम को-एन्झाइम क्यू-टेन दिले व काहींना बनावट गोळी दिली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, औषध घेतलेल्यांच्या हृदयाच्या तुकड्यांतील ऊर्जाकेंद्रे अधिक कार्यक्षम आढळली. हा प्रयोग मला मोलाचा वाटतो, आणि त्यातील काळाचा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे: मूलकांचा मुख्य उद्रेक चिमटा निघाल्यावर काही मिनिटांतच होतो. सबब घरी परतल्यावर, टाके सुकत असताना, कोणा आप्ताने प्रेमाने आणून दिलेली गोळ्यांची बाटली उघडणे म्हणजे आग विझल्यावर बंब बोलावणे होय.

आधीपासून दिलेल्या औषधांचे दाखलेही एकमुखी नाहीत. जीवनसत्त्व 'क'वरील निरनिराळे प्रयोग २०१७ साली एकत्र तपासले असता, अमेरिकेबाहेरील रुग्णांत लय बिघडण्याचे प्रमाण घटल्याचे, पण खुद्द अमेरिकेतील प्रयोगांत काहीच फरक न पडल्याचे दिसून आले. जर्मनी व कॅनडा येथे सुमारे १४०० रुग्णांना शिरेतून सेलेनियम किंवा बनावट औषध देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत, जिचा निकाल २०२३ साली आला, सेलेनियमने लाभ झाला नाही. जीवनसत्त्व 'ई'ची कैफियत तर गंभीरच आहे: हृदयविकाराचा धोका असलेल्या हजारो लोकांनी ते वर्षानुवर्षे रोज ४०० एकक घेतले, त्यांचे झटके टळले नाहीतच, उलट २००५ च्या अहवालानुसार हृदय दुर्बल होण्याचे प्रमाण त्यांच्यात वाढलेले आढळले. मूलके सर्वस्वी शत्रू नव्हेत. पेशी परस्परांना इशारे देण्यासाठी व जंतूंशी झुंजण्यासाठी त्यांचा उपयोग करतात, तेव्हा त्यांचा समूळ उच्छेद करणे हे हिताचे कसे ठरावे?

ज्यांना कृत्रिम झडप बसविली आहे आणि जे रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी घेतात, त्यांच्याविषयी मला खरी काळजी वाटते. 'ई'च्या मोठ्या मात्रेने रक्तस्राव बळावू शकतो, तर क्यू-टेनची रचना रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या जीवनसत्त्व 'के'शी मिळतीजुळती असल्यामुळे गोळीचा प्रभाव घटून झडपेवर गुठळी धरण्याचे भय असते. अशा रुग्णाने कोणतेही पूरक सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, आणि सुरू असल्यास रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हे दाखविणारी आयएनआर तपासणी वेळेवर करवून घ्यावी. आवळा, पेरू, संत्रे हे आहारातील जिन्नस खुशाल खावेत. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांत मात्र 'के' विपुल असते; त्या सोडू नयेत, पण त्यांचे प्रमाण दर आठवड्यास साधारण सारखे राखावे, म्हणजे गोळीची ठरविलेली मात्रा वारंवार बदलावी लागत नाही.