चार गळ्यांचें एक गाणें

केस कापण्याचें दुकान आणि संगीत यांचा संबंध काय, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु अमेरिकेंत गाण्याचा एक प्रकारच 'बार्बरशॉप' या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत चार जण वाद्याच्या साथीवांचून गातात. आणि ते बहुधा धंदेवाईक गवई नसून, दिवसभर आपापलें काम सांभाळणारे हौशी लोक असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील कृष्णवर्णी लोकांच्या वस्तींत केशकर्तनालय म्हणजे जणू गांवची चावडीच होती. आपली पाळी येईपर्यंत कोणी एखादें परिचित गीत सुरू करी आणि इतर जण अंदाजानें त्यास मेळ देत. स्वरलिपि नाहीं, गुरु नाहीं. कानास गोड लागणारा मेळ सांपडला कीं त्यावरच रेंगाळावयाचें! कवि जेम्स वेल्डन जॉन्सन यांनीं फ्लॉरिडांतील आपल्या बालपणच्या अशा चौकड्यांचें वर्णन १९२५ सालीं लिहून ठेविलें आहे. प्रख्यात वादक लुई आर्मस्ट्राँग हेही लहानपणीं न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर अशाच चौकडींत गात असत.

चौघांचीं कामें ठरलेलीं असतात. मूळ चाल गातो तो 'लीड'. त्याच्या वर, हलक्या आवाजानें, 'टेनर' गातो. 'बास' सर्वांत खालचा, पायाचा स्वर धरतो. चवथ्या 'बॅरिटोन'च्या वांट्यास उरलेला स्वर येतो. म्हणून तो कधीं चालीच्या वर, तर कधीं खालीं जातो. त्याची ओळ एकटी ऐकली तर तिला गाणेंही म्हणवणार नाहीं. पण तो गप्प बसला कीं मेळ अपुरा राहतो.

या मेळांतील गोडीचें कारण गणितांत सांपडतें. षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २०० धरलीं, तर या गायकांच्या विशेष आवडीच्या मेळांत गंधार २५०चा, पंचम ३००चा व कोमल निषाद ३५०चा असतो. म्हणजे प्रमाण ४:५:६:७ असें पडतें. पियानोवर तोच निषाद सुमारें ३५६चा येतो. पियानोचे स्वर आधींच बांधलेले. गळा मात्र स्वर किंचित उतरवूं शकतो. प्रमाण अचूक साधलें कीं चारी आवाजांचे उपस्वर एकमेकांस बळ देतात, आणि कोणीच गात नसलेला पांचवा स्वर वर घुमूं लागतो. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खरजांतून आपोआप उमटणारा गंधार ज्यानें ऐकला आहे, त्यास ही मौज निराळी सांगावयास नको. मात्र त्यासाठीं प्रत्येकास स्वतःपेक्षां इतर तिघांकडे अधिक कान द्यावा लागतो. आपलाच आवाज पुढें रेटणारा सर्वांचा आनंद घालवितो.

ग्रामोफोन व रेडिओ घरोघर आल्यावर हें गाणें मागें पडलें. तेव्हां ११ एप्रिल १९३८ रोजीं ओक्लाहोमांतील टल्सा शहरीं ओवेन कॅश व रूपर्ट हॉल यांनीं मित्रांस गाण्यासाठीं बोलाविलें. २६ जण जमले आणि त्यांतून एक मंडळ उभें राहिलें. आद्याक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या सरकारी खात्यांची थट्टा म्हणून त्याचें नांव मुद्दाम लांबलचक ठेविलें होतें. १९४५ सालीं त्याच शहरीं स्त्रियांचीही स्वतंत्र संस्था निघाली.

परंतु स्वरमेळाचें व्रत घेतलेल्या या मंडळानेंच एक मोठा बेसूर काढला. १९४१ सालीं न्यूयॉर्कची स्पर्धा ग्रँड सेंट्रल स्थानकावरील कृष्णवर्णी हमालांच्या चौकडीनें जिंकली. राष्ट्रीय स्पर्धेचें दार मात्र त्यांना वर्णाच्या कारणानें बंद झालें. माजी गव्हर्नर अल स्मिथ व रॉबर्ट मोझेस यांनीं निषेध म्हणून मंडळ सोडलें. ही बंदी उठण्यास १९६३ साल उजाडावें लागलें, आणि स्त्रियांना सभासदत्व मिळण्यास २०१८. हें गाणें गोऱ्या गांवकऱ्यांचें, असाच समज पुष्कळ दिवस रूढ होता. त्याचें मूळ कृष्णवर्णी समाजांत आहे, हें लिन अ‍ॅबट यांनीं १९९२ सालीं सप्रमाण दाखविलें. ज्यांनीं मेळ घडविला त्यांनाच मेळाबाहेर ठेविलें गेलें होतें, हें तेव्हां उघड झालें.

या कलेस वाद्य लागत नाहीं, रंगमंच लागत नाहीं. चार गळे आणि आठ कान एवढ्यावर तिचें भागतें. त्यांत गळ्याहून कान तयार करणें अधिक कठीण, एवढें मात्र तिच्या इतिहासावरून दिसतें.