चौकट : पुणे जिल्हा आणि रोमन साम्राज्य

पुणे जिल्ह्यातच, जुन्नरला, रोमन काळातील सागरी व्यापाराच्या खुणा आहेत.

• वाट : जुन्नरहून नाणेघाट उतरून कल्याण-सोपारा, पुढे तांबड्या समुद्रामार्गे अलेक्झांड्रिया.

• माल : पैठणचे अकीक, तेरचे सुती कापड जाई, इटालियन द्राक्षमद्य, तांबे, पोवळे, काच येई.

• पैसा : भारत दरसाल पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती.

• माणसे : जुन्नरच्या लेण्यांत यवन (म्हणजे ग्रीक-रोमन जगातील) इरिलाने पाण्याची टाकी, तर यवन चिटाने भोजनमंडप दान दिल्याचे शिलालेख आहेत.

• पुरावा : इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली तेरलाही मिळाली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पॉसिडॉनची कांस्यमूर्ती निघाली.

बारामती-इंदापूरच्या शाळांनी सहलीत जुन्नरची लेणी आवर्जून दाखवावीत.