‘आम्ही हरलो’ म्हणणारी माणसे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हॅम्बुर्ग हे जर्मनीतले मोठे बंदर. जहाजांच्या इंजिनदुरुस्तीच्या कामानिमित्त २०१२ ते २०२३ अशी अकरा वर्षे मी तिथे काढली. मी कोकणातला माणूस. क्रिकेट कळते, कबड्डी कळते, फुटबॉलचा मात्र गंध नव्हता. तो लावला आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी. जर्मन भाषेत आजोबांना ‘ओपा’ म्हणतात. त्यांची नात त्यांना ओपा म्हणे, म्हणून मीही ओपाच म्हणू लागलो. गोदीतून निवृत्त झालेले, मोजके बोलणारे गृहस्थ. पण शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरातून असा काही आरडाओरडा ऐकू येई की, पहिल्या वेळी मी घाबरून वर धावलो होतो. दार उघडून ते एवढेच म्हणाले, “काही नाही. आम्ही हरलो.”

पुढची अकरा वर्षे मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकले की, आज त्याविषयीच बोलावेसे वाटते. आपला संघ सतत हरत असतो, तरी माणसे त्याला सोडत का नाहीत? आणि सोडत नाहीत, तर त्यांच्या रागाचे होते काय?

आधी या संघाविषयी थोडे सांगतो. हॅम्बुर्गचा हा क्लब ‘एचएसव्ही’ या नावाने ओळखला जातो. १९८३ साली अथेन्स येथे इटलीच्या युव्हेंटसला १-० असे हरवून तो युरोपचा विजेता झाला. गोल केला होता फेलिक्स मागाट याने. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. जर्मनीची पहिल्या दर्जाची लीग, म्हणजे बुंडेसलिगा, १९६३ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या हंगामात जे १६ संघ होते, त्यांतला एकदाही खाली न घसरलेला असा हॅम्बुर्ग हा एकच संघ उरला होता. म्हणून लोक त्याला ‘डायनोसॉर’ म्हणत. त्याला याचा इतका अभिमान की, स्टेडियममध्ये एक मोठे घड्याळ लावलेले होते. आपण पहिल्या दर्जात किती वर्षे, किती दिवस, किती तास, किती मिनिटे आणि किती सेकंद आहोत, हे त्यावर सतत दिसे.

घसरणे म्हणजे काय, हे आपल्याकडे नीट कळत नाही. आयपीएलमध्ये एखादा संघ शेवटचा आला, तरी पुढच्या वर्षी तो पुन्हा तिथेच खेळतो. जर्मनीत तसे नाही. १८ संघांतले तळाचे दोन थेट दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये जातात. सोळावा असेल त्याला दुसऱ्या दर्जातल्या तिसऱ्या संघाशी दोन सामने खेळून जागा राखावी लागते. खाली गेले की दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे एकदम घटतात, चांगले खेळाडू निघून जातात आणि क्लबातल्या नोकऱ्याही जातात. शाळेत नापास होण्यासारखेच हे. फरक इतकाच की, सगळे शहर नापास होते.

मी गेलो तेव्हा या घसरणीला सुरुवात झालेली होती. २०१४ मध्ये संघ केवळ २७ गुण मिळवून सोळावा आला आणि कसाबसा वाचला. २०१५ मध्ये पुन्हा तेच. दर हंगामात नवा प्रशिक्षक येई. २००८ ते २०१८ या दहा वर्षांत डझनाहून अधिक प्रशिक्षक झाले. प्रत्येक जण आपल्या पसंतीचे खेळाडू आणी, आधीच्याचे बसवून ठेवी आणि पगार मात्र दोघांचेही चालू राहत.

प्रेक्षकांची पहिली मागणी नेहमी हीच असते, “प्रशिक्षकाला काढा.” ओपाही म्हणत. हॉलंडच्या लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या सामन्यांचा एका अर्थशास्त्रज्ञाने अभ्यास केला. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सुधारतो, हे त्याला दिसले. पण तितकीच वाईट कामगिरी होऊनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, तेही जवळपास तितकेच सुधारले होते. ताप उतरायच्या सुमारास घेतलेल्या काढ्याला गुण येतो, तसेच हे. हे मी ओपांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “असेल. पण काढा त्याला.”

याच सुमारास मला आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाच्या विचारांची ओळख झाली. १९१५ साली बर्लिनमध्ये जन्मलेले आणि १९३३ मध्ये देश सोडावा लागलेले हे गृहस्थ. १९७० साली त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे : एखादी संस्था बिघडू लागली की, माणसापुढे दोन वाटा असतात. एक, बाहेर पडणे. दुसरी, तिथेच राहून बोलणे, म्हणजे तक्रार करणे, भांडणे. नेहमीच्या दुकानातली कणीक वाईट निघाली, तर आपण दुसरे दुकान गाठतो. घरात काही बिघडले, तर घर बदलत नाही, बोलतो. यातली कोणती वाट धरायची, हे ठरवणारी तिसरी गोष्ट म्हणजे निष्ठा. निष्ठा माणसाला दाराशी थांबवते आणि म्हणते, “जाण्याआधी एकदा बोलून तर बघ.”

त्यांनी नायजेरियातल्या रेल्वेचे उदाहरण दिले आहे. रेल्वेचा कारभार बिघडला, तसे व्यापारी गाजावाजा न करता ट्रककडे वळले. आग्रहाने भांडू शकणारे गिऱ्हाईकच आधी निघून गेले आणि रेल्वे सुधारण्याऐवजी तशीच राहिली. कारण तिला ओरडून सांगणारे कोणी उरले नाही.

फुटबॉलच्या चाहत्याला हे लावून बघा. त्याला बाहेर पडायची वाट जवळजवळ नाहीच. ओपांची नात २०१० सालची. २०१८ मध्ये ती आठ वर्षांची होती. तिच्या वर्गातली निम्मी मुले बायर्न म्युनिकचे शर्ट घालत, कारण बायर्न दर वर्षी जिंकत असे. एकदा माझ्यासमोरच तिने विचारले, “ओपा, आपणही बायर्नचे होऊ या ना?” आजोबा रागावले नाहीत. ते म्हणाले, “होता येते ना. पण मग जिंकल्यावर तुला काही वाटणार नाही.” ती विचारात पडली आणि मीही.

१९७६ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या बोलण्यातली एक गंमत नोंदवली होती. आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकला की विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ म्हणत, हरला की ‘ते हरले’. आपलेही तसेच असते. विश्वचषक ‘आपण’ जिंकतो. २००७ च्या विश्वचषकात भारत लवकर बाहेर पडला, तेव्हा मात्र ‘ते’ हरले होते आणि रांचीत महेंद्रसिंग धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले. या मोजपट्टीने पाहिले, तर ओपा वेगळे होते. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून ‘ते हरले’ असे मी एकदाही ऐकले नाही.

१२ मे २०१८ ला हंगामाचा शेवटचा सामना होता. ओपांनी मला बरोबर नेले. स्टेडियममध्ये ५७ हजार माणसे. आम्ही मोन्शेनग्लाडबाखला २-१ असे हरवले. पण वाचायचे, तर तिकडे वोल्फ्सबुर्ग हरायला हवे होते आणि ते ४-१ असे जिंकत होते. शेवटच्या मिनिटांत एका गोलामागच्या स्टँडमधून फटाके आणि धुराच्या नळकांड्या मैदानावर येऊन पडू लागल्या. काळाकुट्ट धूर झाला. घोडेस्वार पोलीस आणि कुत्री मैदानात उतरली. सामना सुमारे पाव तास थांबला.

त्या पाव तासात मी जे ऐकले, ते विसरणार नाही. आपल्याकडे शिट्टी आनंदाची असते, तिकडे ती निषेधाची. बाकीचे सगळे स्टेडियम त्या धूर करणाऱ्यांवर शिट्ट्या वाजवत होते. “आम्ही हॅम्बुर्गचे, तुम्ही नाही,” असे हजारो लोक ओरडत होते. संघ बुडाला होता, राग सगळ्यांनाच होता. पण त्या क्षणी रागाच्या दोन जाती समोरासमोर उभ्या राहिल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये, बायर्नकडून ०-६ असा पराभव झाल्यावर, कोणीतरी सरावाच्या मैदानावर ११ क्रूस रोवून ठेवले होते. अकरा खेळाडूंची अकरा थडगी. ओपा ते पाहून आले आणि दोन दिवस बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “मी पन्नास वर्षे शिव्या घालतो आहे. पण त्या खेळाला. त्या पोरांच्या आयांना झोप लागली पाहिजे.”

बोलणे आणि धमकावणे यांत हाच फरक आहे. बोलणाऱ्याला संघ सुधारायला हवा असतो, धमकावणाऱ्याला कोणीतरी भोगायला हवे असते. त्या दिवशी घड्याळ थांबले : ५४ वर्षे आणि २६१ दिवस.

मग लोक पांगले का? मला वाटले होते, आता ओपांचे शनिवार शांत जातील. झाले उलटेच. दुसऱ्या दर्जातही स्टेडियम भरत राहिले. २०२२-२३ पासून तर प्रत्येक सामन्याला सरासरी ५० हजारांहून अधिक माणसे येत होती. यातली काही निष्ठा, हे खरे. पण त्याला व्यवस्थेचाही आधार आहे. जर्मनीत काही अपवाद सोडले, तर व्यावसायिक संघात निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या मूळ क्लबकडे राहिली पाहिजेत, असा नियम आहे. वर्गणी भरणारा ओपांसारखा माणूस सभेत उभा राहून पदाधिकाऱ्यांना जाब विचारू शकतो. २०१४ साली व्यावसायिक संघाची वेगळी कंपनी करावी का, यावर नऊ हजारांहून अधिक सभासदांनी स्टेडियममध्ये बसून मतदान केले. त्या निर्णयाने संघ वाचला नाही, हे उघडच आहे. पण चूक झाली तीही आपली, असे त्यांना म्हणता येत होते.

आपल्याकडे काय होते? मुंबईत महिंद्र युनायटेड हा संघ होता, २००५-०६ चा राष्ट्रीय लीगचा विजेता. २०१० मध्ये मालक कंपनीने तो बंद केला. २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यांची कारणे त्यांच्यापाशी. पण कूपरेजवर किंवा फातोर्ड्यात वर्षानुवर्षे ओरडत आलेल्या माणसाला त्यात मत नव्हते. चाहत्याने संघ सोडला नाही, संघानेच मैदान सोडले. राग कोणावर काढायचा, हेसुद्धा उरले नाही.

हॅम्बुर्गचे पुढचे हाल थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दर्जात पहिल्या तीनही वर्षी संघ चौथा आला. २०२२ मध्ये तिसरा आला आणि बर्लिनच्या हेर्टा संघाविरुद्ध पहिला सामना १-०ने जिंकला. घरच्या मैदानावर दुसरा मात्र ०-२ने हरला. हेर्टाचा प्रशिक्षक कोण होता? फेलिक्स मागाट. १९८३ च्या गोलाचा फोटो ओपांच्या दिवाणखान्यात होता. तो त्यांनी उतरवला नाही. फक्त सामना चालू असताना भिंतीकडे वळवून ठेवला.

२०२३ ची कथा तर ऐकवत नाही. शेवटच्या दिवशी आमचा संघ झांडहाउझेन या लहानशा गावी १-०ने जिंकला. तिकडे प्रतिस्पर्धी हायडेनहाइम संघ मागे होता. आमचे लोक मैदानात धावले, निवेदकाने अभिनंदनही करून टाकले. ओपांनी नातीला मिठी मारली. आणि तिकडे भरपाईच्या वेळेत, ९३व्या आणि ९९व्या मिनिटाला, हायडेनहाइमने दोन गोल करून ३-२ असा विजय मिळवला. मैदानात नाचणारी माणसे एकेक करून आपापल्या मोबाइलकडे बघत थांबत गेली. तेरा वर्षांची नात रडत रडत ओरडली, “आपण नेहमीच असे करतो!” ओपांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे डोळे ओले होते, पण ओठांवर किंचित हसू होते. कारण पोरगी ‘आपण’ म्हणाली होती. पुढे स्टुटगार्टशी दोन सामने झाले, तेही हरलो. त्या शरद ऋतूत मी भारतात परतलो. २०२४ मध्ये संघ पुन्हा चौथा आला. त्यातही कहर म्हणजे शहरातलाच दुसरा क्लब, सेंट पाउली, त्याच वर्षी वरच्या दर्जात गेला.

म्हणून मला वाटते की, चाहत्याचा वैताग हा वेडेपणा नाही. जाण्याची वाट स्वतःच बंद करून घेतलेल्या माणसाच्या हातात उरलेली ती एकच गोष्ट आहे. क्लब चालवणाऱ्यांनी आरडाओरड्याला घाबरू नये. स्टेडियम शांत होऊ लागले, की मात्र घाबरावे. आणि ओरडणाऱ्यांनीही, आपण खेळावर ओरडतो आहोत की माणसावर, हे अधूनमधून तपासून पाहावे. क्लबाचेच कशाला, आपली ग्रंथालये, सहकारी संस्था, नाट्यमंडळे यांच्या सभांतही तावातावाने भांडणारा एखादा असतो. त्याचा कंटाळा येतो. पण तो यायचा थांबला, तर ती बातमी चांगली नसते.

१० मे २०२५ ला हॅम्बुर्गने उल्म संघाला ६-१ असे हरवले आणि सात हंगामांनंतर पहिल्या दर्जात पाऊल ठेवले. लोक पुन्हा मैदानात धावले. दुर्दैवाने त्या गर्दीत अनेक जण जखमीही झाले. आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मी मोबाइलवर सामना पाहिला आणि लगेच ओपांना फोन लावला. ते घरीच होते, ऐंशीच्या घरातले गुडघे आता स्टेडियमच्या पायऱ्या चढू देत नव्हते. मी अभिनंदन केले. पलीकडे नातीचा नुसता जल्लोष चालला होता.

ओपा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ते ठीक आहे. पण तो एक गोल आम्ही खाल्ला कसा, ते मला सांग.”