नवी नोकरी धरण्यापूर्वी आईने मागून घ्यावयाचे हक्क

वसंतातील या सभांना येणारे श्रोते इतिहास ऐकतात, काव्यशास्त्र ऐकतात, देशाच्या अर्थकारणाची चर्चा ऐकतात. आमचा विषय त्यापुढे रूक्ष वाटेल. तो हजेरीपटाचा, पगारचिठ्ठीचा आणि विमा-क्रमांकाचा आहे. परंतु नांदेड-लातुरात मजुरी करणाऱ्या बाईच्या घरी पाळणा हलावयाचा असतो, तेव्हा पुढचे सहा महिने तिचे घर बहुधा याच कागदांवर तरते किंवा बुडते.

प्रश्न असा आहे. लातूरच्या डाळमिलमध्ये डाळ निवडणारी, नांदेडच्या कापडदुकानात गिऱ्हाईक सांभाळणारी, किंवा खाजगी दवाखान्यात आयाचे काम करणारी बाई दिवस गेल्यावर काम सोडते, किंवा तिला ते सोडावयास लावतात. बाळंतपण आटोपले की ती दुसरे काम शोधते. जुना मालक म्हणतो, "काम सोडलेस, हक्क सुटला." नवा म्हणतो, "बाळंतपण आमच्याकडे येण्याआधीचे; आमचा काय संबंध?" या दोन वाक्यांच्या मध्ये बाईचे पैसे नाहीसे होतात. संघटनेच्या कामात ती आम्ही इतक्यांदा ऐकली की आता तोंडपाठ झाली आहेत. त्यांत खरे किती व खोटे किती, तेवढे येथे पाहू.

हा हक्क काही कालपरवाचा नाही. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. मुंबई इलाख्यात १९२८ साली असेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणात बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा पुष्कळसा भार सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो आपल्याकडे लागू नव्हता. पुढे १९४८ चा राज्य कामगार विम्याचा कायदा आणि १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा हे साऱ्या देशासाठी झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. नाव बदलले, पण खाली सांगितलेले मूळ नियम कायम आहेत.

आता पहिला दरवाजा, विम्याचा. कामगार याला 'ईएसआय' म्हणतात. ज्या कारखान्याला वा दुकानाला ही योजना लागू आहे आणि ज्या बाईचा पगार ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे (२०१७ साली ही मर्यादा महिना २१,००० रुपये झाली), तिच्या नावे वर्गणी भरली जाते. येथील मुख्य गोष्ट अशी की विमा-क्रमांक बाईचा असतो, मालकाचा नव्हे. मालक बदलला तरी क्रमांक तोच राहतो. लागोपाठच्या मागील दोन वर्गणी-मुदतींत मिळून ७० दिवसांची वर्गणी असली की ती लाभास पात्र ठरते. एप्रिल ते सप्टेंबर ही एक मुदत, ऑक्टोबर ते मार्च ही दुसरी. समजा, एखादी बाई फेब्रुवारीत बाळंत व्हावयाची आहे. आधीच्या एप्रिल ते सप्टेंबरात तिने एका मिलमध्ये ४० दिवस आणि दुसरीत ३५ दिवस भरले. बेरीज ७५ झाली, हक्क लागला. पैसे विमा महामंडळ देते, मालकाच्या गल्ल्यातून ते जात नाहीत. म्हणून नव्या ठिकाणी नाव लावताना नवा क्रमांक काढू देऊ नये, जुनाच सांगावा. दोन क्रमांक झाले की दिवसांची बेरीज तुटते.

दुसरा दरवाजा, जेथे विमा नाही तेथला. दहा वा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानांनाही हा नियम लागू आहे. येथे पैसे मालकाने द्यावयाचे असतात, म्हणून दिवसही त्याच्याकडचेच मोजतात. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलेले हवे. पगारी सुट्ट्या आणि काम नसल्याने बसवून ठेवलेले दिवसही यात धरतात. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यापुढे १२ आठवडे पगार मिळतो. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणापूर्वी घेता येतात.

या ठिकाणी बायका हमखास फसतात. मुकादम म्हणतो, "राजीनामा लिहून दे, बाळंत झालीस की परत ये." बाई अंगठा उठवते, आणि आपल्या खुशीने काम सोडल्याचा पुरावा स्वतःच्या हाताने तयार होतो. राजीनामा लिहू नये. आधी रजेचा व लाभाचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. दिवस गेले म्हणून कामावरून काढले, तरी लाभ बुडत नाही. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात २००० साली ठरविले. २०२३ साली त्याच न्यायालयाने दिल्लीच्या एका कंत्राटी डॉक्टरबाईंच्या बाबतीत सांगितले की कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी लाभ पुरा द्यावा. तेव्हा "हक्क सुटला" हे वाक्य मालकाने म्हटले म्हणून खरे ठरत नाही.

तिसरा दरवाजा सकाळी नाक्यावर उभे राहणाऱ्यांचा. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले यांना दर पंधरवड्याला नवा मालक. त्यांच्यासाठी राज्याचे इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते. नोंदणी झालेली बाई, किंवा नोंदलेल्या गड्याची बायको, हिला दोन अपत्यांपर्यंत साध्या बाळंतपणास १५,००० आणि शस्त्रक्रियेस २०,००० रुपये अशी तरतूद आहे. मुले शाळेत गेली की त्यांच्या शिक्षणासाठीही मदत आहे. पण नोंदणी चालू हवी. बांधकाम सोडून दुसऱ्या धंद्यात जाणाऱ्या आईबापांनी जाण्यापूर्वी राहिलेले अर्ज भरून टाकावेत. तहान लागल्यावर विहीर खणून येथे भागत नाही.

ज्यांना या तिन्ही दारांत जागा नाही, अशा दुर्बल घटकांतील मातांसाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या अपत्यास ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये. अंगणवाडीताईंकडे चौकशी करावी.

आता नव्या कामाविषयी सावधगिरीचा शब्द. लाभाच्या मुदतीत दुसरीकडे मजुरीने काम केले, तर तेवढ्या काळाचा लाभ जातो. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे तर कामावर घेण्यालाच कायद्याची मनाई आहे. म्हणून घाई करून चार दिवसांच्या रोजासाठी भरपगारी आठवडे घालवू नयेत. नवे काम धरताना मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दोन वेळा मोकळीक आहे, हेही सांगून ठेवावे. पन्नास वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर विचारावे.

समोर व्यापारी मंडळी बसली आहेत. त्यांच्या मनातला प्रश्न आम्हांस ठाऊक आहे. इतका बोजा पडणार असेल तर बायकांना कामावर घ्यावेच कशाला? प्रश्न खोटा नाही. थोड्या माणसांवर चालणाऱ्या धंद्याला सहा महिन्यांचा पगार जड जातो, आणि त्या भीतीने बाईला दारातूनच परत पाठविले जाते. त्यावर उपाय हक्क कमी करणे हा नव्हे. भार वाटून घेणे हा आहे. विम्यात नेमके तेच होते. सर्वांची थोडी थोडी वर्गणी एका ठिकाणी जमते, आणि कोणाही एका मालकाच्या डोक्यावर एका बाळंतपणाचा भार येत नाही. म्हणून ज्याला विमा लागू आहे त्याने तो चुकवू नये. त्यात बाईचे हित आहे, आणि त्याचेही.

बाईने कामाची जागा सोडण्यापूर्वी चार गोष्टी हाती घ्याव्यात : पगारचिठ्ठ्या, विमा-क्रमांक, भरलेल्या दिवसांचा दाखला आणि अर्जाची पोच. यांपैकी दाखला देणे मालकाच्या, मुनिमाच्या वा ठेकेदाराच्या हाती असते. त्यांच्यापैकी पुष्कळजण या सभेत आहेत. सही करण्यास दोन मिनिटे लागतात. दिवस तिने भरलेले आहेत; आपण ते कागदावर लिहून द्यावयाचे, इतकेच.