शनिवार पेठेचा न बदलणारा पत्ता

पुण्याच्या शनिवार पेठेत कोणाचे घर विचारले, तर उत्तर बहुधा असे मिळते : ओंकारेश्वराच्या अलीकडे, अहिल्यादेवी शाळेच्या मागच्या बाजूस. पेठेतल्या माणसास एवढे पुरते. परंतु ओंकारेश्वर कोठे, हेच ज्यास ठाऊक नाही, त्यास हा पत्ता निरुपयोगी होय. एका स्थळाच्या आधाराने दुसरे स्थळ सांगणे यास भूगोलात सापेक्ष स्थान म्हणतात. अशा खुणांवाचून पृथ्वीवरील नेमका एकच बिंदू दाखवणारे ते निरपेक्ष स्थान. ते अक्षांश व रेखांश या दोन आकड्यांनी सांगितले जाते.

विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस किती अंश, हे अक्षांश सांगतात; विषुववृत्त ० अंश, तर ध्रुव ९० अंश. मूळ रेखावृत्तापासून पूर्वेस वा पश्चिमेस किती अंश, हे रेखांश सांगतात. प्राचीन भारतीय ज्योतिर्विद उज्जयिनीपासून गणना करीत. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेपासून ग्रीनिच हे मूळ स्थान मानले गेले.

शनिवारवाडा सुमारे १८.५१९ अंश उत्तर व ७३.८५५ अंश पूर्व येथे आहे. म्हणजेच १८ अंश ३१ मिनिटे उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटे पूर्व. अक्षांशाचा एक अंश जवळजवळ १११ किलोमीटरांचा असल्याने हा वाडा विषुववृत्तापासून सुमारे २,०५० किलोमीटर उत्तरेस आहे, हे साध्या गुणाकारानेही कळते. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकत्र येत जातात, म्हणून रेखांशाचा एक अंश पुण्यात सुमारे १०६ किलोमीटरच भरतो.

हे आकडे आकाशातूनही पडताळता येतात. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, जवळजवळ तितकेच त्या स्थळाचे अक्षांश. पुण्यात तो साडेअठरा अंशांच्या आसपास दिसतो. रेखांशाचे नाते घड्याळाशी आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाची. पुणे त्याच्या पश्चिमेस सुमारे साडेआठ अंशांवर. म्हणून पुण्याची खरी स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सरासरी ३५ मिनिटे मागे असते.

आज मोबाइलच्या नकाशात एखाद्या जागेवर बोट दाबून धरले की दोन्ही आकडे दिसतात. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. प्रथम अक्षांश, मग रेखांश हा क्रम मोडू नये. शनिवारवाड्याचे आकडे उलटे लिहिल्यास आपण नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पोहोचू. दुसरे, दशांशचिन्हापुढे चार अंक लिहावेत. दोनच अंकांनी एक किलोमीटरभराचा फरक राहतो. चारांनी तो दहा-अकरा मीटरांवर येतो, म्हणजे नेमके घर सापडते.

या आकड्यांचे खरे मोल काळाच्या ओघात कळते. शनिवार पेठ एकेकाळी मुर्तुजाबाद म्हणून ओळखली जाई. १७३२ साली उभा राहिलेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. तट व दरवाजे तेवढे उरले. जवळच्याच बुधवार पेठेत १८४८ मध्ये महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी ज्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, तो वाडाही राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये उतरवण्यात आला. वास्तू गेली, तरी ती शाळा जेथे भरली ते स्थान दोन आकड्यांत कायम आहे.

आपल्या गावांनाही हे लागू आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आणि समतानगर, भीमनगर अशी नावे पुढे आली. हे योग्यच झाले. परंतु जुन्या कागदांत जुने नाव, नव्या कागदांत नवे. उद्याच्या नातवंडांस दोन्ही एकच वस्ती आहे हे कसे कळावे? अक्षांश-रेखांश हा दुवा जोडून देतात. त्यांत जात नाही, मान-अपमान नाही. राजवाड्याचा आणि झोपडीचा पत्ता तेथे एकाच मापाने लिहिला जातो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांस व पालकांस एक विनंती. आपले जन्मघर, जुनी विहीर, गावची पहिली शाळा यांचे अक्षांश-रेखांश आजच नोंदवावेत. ती जागा दाखवू शकणारी वडीलधारी माणसे आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.