1 ग्रॅम हळदीचा हिशेब

अर्धापूरच्या शिवारातली, शिजवून, वाळवून पॉलिश केलेली हळद घ्या. फक्त 1 ग्रॅम. तिच्यात 3 टक्के कुरकुमिन धरलं, तर नुसत्या रंगाचे रेणू भरतात सुमारे 5 वर 19 शून्यं. 2011च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून 58 लाख होती. त्या सगळ्यांत हे रेणू वाटले, तर तान्ह्या बाळालाही 8 लाख कोटींहून जास्त मिळतील. सेकंदाला एक या वेगाने एकट्याचा वाटा मोजायला अडीच लाखांहून अधिक वर्षं लागतील! सुगंधी तेल 4 टक्के असेल, तर वासाचे रेणू याच्या दुपटीहून जास्त.

आता वाण सुधारणाऱ्याचा प्रश्न: वास वाढवला तर कुरकुमिन घटेल का? भांगेच्या झाडात अशी अडचण येऊ शकते. तिथे लिमोनीनसारखी सुगंधी द्रव्यं आणि नशेची द्रव्यं, दोन्हींना 10 कार्बनचा एकच कच्चा माल लागतो. एकाच कणगीवर दोन चुली. हळदीत कणग्याच वेगळ्या. वासाचं टर्मेरोन 15 कार्बनचं, तर 21 कार्बनचं कुरकुमिन फेनिलअ‍ॅलनिनपासून, निराळ्याच वाटेने तयार होतं.

मग अडतं कुठे? हळदीच्या पेशीत 63 गुणसूत्रं, म्हणजे 21 चे तीन संच. परागकण तयार होताना प्रत्येक तिकडी दोन-एक अशी फुटते. सगळ्या 21 तिकड्या एकाच बाजूने फुटून संच अखंड राहण्याची शक्यता 10,48,576 मध्ये एक. स्त्रीबीजाचंही तेच, दोन्ही एकदम जुळणं साधारण एक लाख कोटींत एकदा. म्हणूनच शेतकरी बी पेरत नाही, हेक्टरी 25 क्विंटल जेठे गड्डे लावतो. वर्षानुवर्षं तेच झाड पुन्हा उगवतं.

तरीही क्वचित बी धरतं. कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने अशाच बियांच्या रोपांतून ‘प्रभा’ आणि ‘प्रतिभा’ हे वाण निवडले. दोन्हींत कुरकुमिन 6 टक्क्यांच्या वर आणि तेलही 6 टक्क्यांच्या वर. वास आणि रंग एकत्र वाढू शकतात, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला नको.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, बेणं घेताना उताऱ्याबरोबर दोन आकडे जरूर विचारा: कुरकुमिन किती आणि तेल किती.