स्टार ट्रेकचा चाहतावर्ग

स्टार ट्रेकचा चाहतावर्ग म्हणजे 'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी मालिकेच्या रसिकांचा समुदाय होय. या समुदायातील व्यक्तीस 'ट्रेकी' किंवा 'ट्रेकर' म्हणतात. मालिका केवळ न पाहता तिच्याविषयी पत्रे, नियतकालिके व संमेलने यांतून सतत चर्चा करणे आणि तिच्या विश्वात स्वतः भर घालणे, हे या समुदायाचे वैशिष्ट्य आहे. मालिकेवर प्रेक्षकांचा अधिकार किती आणि निर्मात्यांचा किती, हा प्रश्न या समुदायाच्या वाटचालीत वारंवार उपस्थित झाला आहे.

पार्श्वभूमी

विज्ञानकथांच्या वाचकांची मंडळे अमेरिकेत १९३० च्या दशकापासून कार्यरत होती. त्यांची पहिली जागतिक परिषद १९३९ मध्ये न्यू यॉर्क येथे भरली. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी सप्टेंबर १९६६ मध्ये क्लीव्हलँड येथील परिषदेत मालिकेचा नमुना दाखविला. त्यानंतर ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर तिचे प्रक्षेपण सुरू झाले. एंटरप्राइझ या अवकाशयानावर आफ्रिकी वंशाची उहुरा, आशियाई वंशाचा सुलू आणि मानवी माता व परग्रहवासी पिता यांचा पुत्र स्पॉक हे एकत्र काम करतात. शीतयुद्धाच्या काळात मानवजातीच्या ऐक्याचे हे चित्र चाहत्यांच्या चर्चेचा मुख्य विषय ठरले.

पत्रमोहीम

दुसऱ्या पर्वाच्या काळात मालिका बंद होणार अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा बीजो व जॉन ट्रिंबल या दांपत्याने १९६७-६८ मध्ये पत्रमोहीम उभारली. प्रत्येकाने पत्र स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि आणखी दहा जणांना लिहावयास सांगावे, अशी तिची पद्धत होती. छापील मजकुरापेक्षा स्वतंत्रपणे लिहिलेल्या पत्राची दखल घेणे वाहिनीला भाग पडेल, असा त्यामागील विचार होता. जानेवारी १९६८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी बरबँक येथे एनबीसीच्या कार्यालयावर मोर्चा नेला. वाहिनीकडे आलेल्या पत्रांची संख्या एक लाखाहून अधिक होती. अखेर १ मार्च १९६८ रोजी मालिका पुढे चालू राहील, अशी घोषणा एनबीसीने प्रक्षेपणातच केली.

हे यश मर्यादित ठरले. तिसऱ्या पर्वासाठी शुक्रवारी रात्री दहाची गैरसोयीची वेळ देण्यात आली आणि खर्चातही कपात झाली. एकूण ७९ भागांनंतर १९६९ मध्ये मालिका बंद पडली. तथापि तिसऱ्या पर्वामुळे भागांची संख्या वाढली आणि अन्य स्थानिक वाहिन्यांवर पुनःप्रक्षेपण करणे सोपे झाले. बहुसंख्य नवे चाहते या पुनःप्रक्षेपणांतूनच मिळाले. भारतात दूरदर्शनवरही १९८० च्या दशकात ही मालिका दाखविण्यात आली.

नियतकालिके व संमेलने

'स्पॉकनेलिया' हे केवळ या मालिकेला वाहिलेले पहिले चाहता-नियतकालिक १९६७ मध्ये निघाले. अशी नियतकालिके चाहते हौसेने संपादित करीत, सायक्लोस्टाइल करीत आणि टपालाने एकमेकांस पाठवीत. त्यांत भागांची चिकित्सा, वाचकांची पत्रे आणि मालिकेतील पात्रांवर रचलेल्या नव्या कथा असत. लेखक व संपादकांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. ही चर्चा आत्मपरीक्षण करणारीही होती. सर्वगुणसंपन्न, सर्वांची लाडकी अशी नवखी नायिका घुसविण्याच्या प्रवृत्तीवर पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये एक विडंबनकथा लिहिली. तिच्यातील 'मेरी सू' हे नाव पुढे समीक्षेतील संज्ञा बनले.

जानेवारी १९७२ मध्ये न्यू यॉर्क येथे पहिले मोठे संमेलन भरले. आयोजकांना काही शेकडा लोक अपेक्षित होते. प्रत्यक्षात तीन हजारांहून अधिक आले. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळे अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइझ' हे नाव मिळाले. हे यान चाचणीसाठीच असल्याने अवकाशात कधीही गेले नाही. १९७९ मध्ये मालिकेवर आधारित पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. भाषातज्ज्ञ मार्क ओक्रंड यांनी चित्रपटांसाठी घडविलेल्या क्लिंगॉन भाषेचा शब्दकोश १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि चाहत्यांनी 'हॅम्लेट'चा त्या भाषेत अनुवाद केला.

प्रताधिकाराचा प्रश्न

हौशी कथांकडे निर्मात्यांनी दीर्घकाळ बहुतांशी दुर्लक्ष केले. लोकवर्गणीतून मोठे चाहता-चित्रपट निघू लागल्यावर मात्र परिस्थिती बदलली. 'ॲक्सनार' या नियोजित चित्रपटाविरुद्ध सीबीएस व पॅरामाउंट यांनी डिसेंबर २०१५ मध्ये दावा दाखल केला. जानेवारी २०१७ मध्ये त्यात तडजोड झाली. दरम्यान, जून २०१६ मध्ये या कंपन्यांनी चाहता-चित्रपटांसाठी नियम जाहीर केले. त्यांनुसार एक कथा पंधरा मिनिटांची, अथवा दोन भागांत मिळून तीस मिनिटांची असावी आणि लोकवर्गणी ५०,००० डॉलरांहून अधिक नसावी. चाहत्यांच्या पत्रांनी एकेकाळी तरलेल्या मालिकेत चाहत्यांनीच किती भर घालावी याची सीमा अशा रीतीने प्रथमच लेखी स्वरूपात आखली गेली. या नियमांवर चाहत्यांत मतभेद आहेत.